पेट्रोलचा काटा आणि दुधाची किटली

आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा मला कळायला लागल्यापासून अर्ध्यावर होता. टाकी काठोकाठ भरा, तो अर्ध्यावर. टाकी कोरडी होऊन गाडी आचके देत बंद पडू द्या, तरी तो अर्ध्यावर. त्याला जगातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. बाबा म्हणत, ‘त्याच्याकडे पाहायचं नाही, त्याला समाधी लागली आहे.’ आई म्हणायची, ‘समाधी कसली, आळस आहे.’ या दोन मतांवर आमच्या घरात पुष्कळ वर्षं शांततेत वाद चालला.

बाबा गुरांचे डॉक्टर. घर अकोल्यात, पण दवाखाना म्हणाल तर तेल्हाऱ्यापासून दर्यापूरपर्यंत पसरलेला. गाडी त्यांनी एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून जुनीच घेतली होती. ती माझ्याहून वयानं मोठी आहे, आणि माझ्याहून कमी कुरकुरते असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. राखाडी रंग, गोल दिवे, स्टिअरिंगलाच लावलेला गिअर, आणि पुढं दिवाणासारखी एकच लांब सीट. म्हैस अडली, बैल फुगला की गावातून निरोप यायचा आणि बाबा निघायचे. फी किती म्हणून कोणी विचारलं की बाबा आभाळाकडे पाहायचे. पण डिक्की कधी रिकामी परत आली नाही. तुरीच्या शेंगा, भरताची वांगी, हुरड्याची कणसं, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा, जो पुढं आमच्याकडे म्हातारा होऊन गेला. भांडं रिकामं परत करायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि त्या लोकांच्या लेखी डॉक्टरची गाडी म्हणजे एक मोठं भांडंच होतं.

लग्न होऊन मी अमरावतीला गेले. अकोला ते अमरावती अंतर ते काय, सकाळी निघालेला माणूस जेवायला परत येऊ शकतो. तरी आई मला ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. माझ्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, बसची वेळ झालेली, आणि ती म्हणणार, पदर पसर. पुढं मी ड्रेस घालू लागले तर म्हणाली, मग ओढणी पसर. तांदूळ, नारळ, हळदीकुंकू. मग ओटीतले चार दाणे मी परत तिच्या ताटात टाकायचे. लेकीला रिकामं धाडायचं नाही आणि लेकीनंही माहेर रिकामं करून जायचं नाही, असा तो दुहेरी बंदोबस्त. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. या सगळ्यावर माझी मतं होती. ती मी बसमध्ये बसल्यावर स्वतःलाच सांगत असे.

काही वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून मी निघाले की बाबा फाटकापर्यंत येतात, फाटकाची कडी उगाच वरखाली करतात आणि म्हणतात, ‘पोचली की फोन कर.’ बाकी काय करावं हे त्यांना सुचत नाही. मलाही सुचत नाही. मी खाली मान घालून रिक्षात बसते.

गेल्या दिवाळीत बाबांनी जाहीर केलं की गाडी ते देऊन टाकणार. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलं होतं आणि गाडी घरामागच्या टिनाच्या शेडात उभी होती. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती हवी होती. तो ती दारासमोर विटांवर उभी करणार, रोषणाई करणार, आणि पोहे खायला थांबलेले लोक तिला टेकून फोटो काढणार.

मी म्हटलं, गाडी मला द्या. मी सांगते, मला तेव्हा खरंच रडू येत होतं, पण मी ते रागात बसवलं, कारण मला राग जास्त चांगला जमतो. आई गेल्यावर त्या घरातली एकच वस्तू अशी उरली होती जिच्यात बसलं की मी लहान होत असे. तिला विटांवर चढवायचं म्हणजे हद्द झाली. आता मी नोकरी सोडलेली, वेळ भरपूर. ती गाडी घेऊन मी मेळघाटात सेमाडोहपर्यंत जाईन, बाबांनाही नेईन, असे मनातल्या मनात मांडे खाऊन झाले होते.

बाबा म्हणाले, ‘तुले नाई देत. काटा खोटा हाय.’

आता इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी अमरावतीला होते तेव्हाची. भर मे महिन्यात आई-बाबा दर्यापूरहून एका लग्नाहून परत येत होते. काटा अर्ध्यावर होता, म्हणजे नेहमीच्याच जागी. गाडी मधेच बंद पडली. दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली काळी जमीन, आणि सावलीला एक बाभूळ. एक जीप आली ती आतून, वरून, मागून भरलेली. तिच्यात फक्त एक माणूस लोंबकळू शकत होता, तेव्हा बाबा पेट्रोल आणायला गेले आणि आई नव्या शालूत बाभळीखाली बसली. बाबा आले तोवर तिनं एका बकऱ्या राखणाऱ्या बाईशी जन्माची मैत्री केली होती आणि तिच्याकडून अंबाडीच्या भाजीची नवी रीत शिकून घेतली होती. पण गाडीत बसल्यावर तिनं बाबांकडून शब्द घेतला, की माझ्या लेकीला या गाडीत अशी रस्त्यात बसवणार नाही. बाबांनी तो दिला. आता आई नाही, त्यामुळे शब्द परत घ्यायला कोणाकडे जाणार?

बाबांची अट ठरली ती अशी. संक्रांतीपर्यंत काटा खरा बोलायला लागला तर गाडी माझी. नाही तर संक्रांत झाल्यावर हॉटेलवाला ट्रक घेऊन येईल. बाबा एकदा बोलले की बोलले. अडलेल्या म्हशीपुढं ते नरमतात, माणसांपुढं नाही.

मग दर रविवारी मी सकाळच्या बसनं अकोल्याला जाऊ लागले. नवरा म्हणाला, लोक निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रेला जातात, तू डिक्कीत जातेस. ते खरंच होतं. या गाडीची टाकी डिक्कीच्या तळाखाली आहे आणि तिच्यातलं पेट्रोल मोजणारा भाग डिक्कीचा पत्रा उचलून, आत वाकून बघावा लागतो. टाकीचं तोंड एका अंगाला, नळी वाकडी, त्यामुळे काठी घालून पेट्रोल किती ते पाहायचीही सोय नाही. काठी वळणावरच अडते. म्हणजे काट्यावर विश्वास ठेवा नाही तर देवावर.

पहिल्या रविवारी हात काळे करणारी मी एकटीच होते. चावी फिरवून ठेवली, टाकीवरची तार सोडवली आणि तिचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं. बाबांना पुढं बसवून काट्याकडे पाहायला सांगितलं होतं. पुढून आवाज आला, ‘हालला.’ इतक्या वर्षांची समाधी एका तारेनं भंगली. तार टेकवली की काटा भरल्याच्या खुणेवर, सोडली की रिकाम्याच्या. याचा अर्थ काटा निरोगी, तारही निरोगी, दुखणं टाकीत. बाबांना हे फार आवडलं. गाय कधी सांगत नाही कुठं दुखतं, त्यांच्या आयुष्यात सगळं असंच दाबून दाबून शोधण्यात गेलेलं. त्यानंतर ते खुर्ची घेऊन शेडातच बसू लागले.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले. त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आमच्या घरापासून जवळच आहे. त्यांच्या घरी पूर्वी बकऱ्या होत्या, त्यामुळे बाबांचं तिथं जाणंयेणं जुनं. हिंदी, उर्दू आणि वऱ्हाडी ते एकाच वाक्यात वापरतात आणि चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त वेळ ठेवतात. त्यांनी टाकीतला तो भाग बाहेर काढला. एक पितळी पोकळ डबी, ती पेट्रोलवर तरंगते, आणि तिला जोडलेली दांडी वरखाली होऊन काट्याला निरोप देते. इथं दांडीचा सांधा चिकटून घट्ट झाला होता, म्हणून निरोप वर्षानुवर्षं एकच. शिवाय डबीला सुईच्या टोकाएवढं भोक. मिस्त्रींनी ती गरम पाण्यात बुडवून दाखवली, बारीक बुडबुडे निघाले. दुकानात नेऊन त्यांनी ती सांधून आणली, दांडी साफ केली, सगळं परत बसवलं. टाकी रिकामी करून आम्ही थोडं थोडं पेट्रोल टाकत गेलो आणि काटा शहाण्या मुलासारखा वर चढत गेला. मी मिस्त्रींना आणि स्वतःला आलूबोंडे खाऊ घातले. मला वाटलं, जिंकले.

बाबा म्हणाले की जनावर औषधानं उठून उभं राहिलं म्हणजे बरं झालं असं नाही. ते आठ दिवस चारा खातं का ते पाहावं लागतं. काटा चढताना खरं बोलला, आता उतरताना आणि उभ्या गाडीत काय बोलतो ते पाहू. मला हे पटलं नसतं तर बरं झालं असतं, पण विज्ञानाच्या बाईला हे पटतंच.

म्हणून मी त्या दिवशी गाडी तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं पुष्कळ फिरवून आणली. काय सांगू, दोन्ही बाजूंनी तूर फुलली होती आणि लोक बैलगाडीतून माना वळवून पाहत होते. परत आले तेव्हा काटा रिकाम्याच्या थोडा वर होता. गाडी शेडात लावली, काट्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळच्या बसनं अमरावतीला आले.

पुढच्या रविवारी चावी फिरवली तर काटा पावाच्याही वर.

मी मोबाइलमधला फोटो पाहिला, परत काटा पाहिला. उभ्या गाडीत पेट्रोल वाढत नसतं. कमी होऊ शकतं, उडतं, गळतं, चोरीला जातं. वाढणं हे निसर्गाच्या नियमात नाही. म्हणजे काटा खोटा. बाबा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. त्यांनी काही म्हटलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण माझं चुकलेलं असताना बाबा कधी गप्प बसत नाहीत.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी अर्थिंगची तार बदलली. मी गाडी दर्यापूरच्या रस्त्यानं नेली, काटा खाली आणला, घरी गेले. पुढच्या रविवारी काटा पुन्हा वर. मग आम्ही काट्याला जाणारा वीजदाब तपासला. मग सकाळच्या थंडीचा परिणाम असेल असं मी म्हटलं, आणि दुपारच्या उन्हाचा असेल असं मिस्त्री म्हणाले. एकदा उतारावर उभी आहे म्हणून, तर एकदा टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून. दर वेळी आमचं ठाम मत असायचं आणि दर वेळी ते नवं असायचं.

या सगळ्यात घरात आणखी एक कुरबुर चालू होती. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दुधाची ॲल्युमिनियमची किटली सापडत नाही म्हणून दूधवाल्यावर घसरल्या होत्या. आईच्या वेळची किटली होती ती, झाकणाला साखळी असलेली. दूधवाला शपथा घेत होता. मावशी मला म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या, जरा लक्ष घाला. मी म्हटलं, मावशी, मला सध्या एकच चोर पुरे आहे, तो काटा. बाबा म्हणाले, दूध पातेल्यात घेत जा.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा माझा धीर सुटला. मी मिस्त्रींना म्हटलं, दांडी वाकवा. काटा नेहमी जास्त दाखवतो ना, मग दांडी वाकवली की तेवढाच कमी दाखवेल. हिशेब सोपा होता. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर. ते म्हणाले की एकदा वाकवली की मग खरं काय हे त्या काट्यालाही कधी कळणार नाही. मी म्हटलं, गाडी हॉटेलवाल्याच्या दारात उभी राहिली की तुम्हीच जाऊन फोटो काढा. ते म्हणाले, मी तिथले पोहे खात नाही. असं बरंच झालं. आवाज चढले. मावशी दोन वेळा डोकावून गेल्या आणि तिसऱ्या वेळी चहाच घेऊन आल्या. चहा पिताना मिस्त्री म्हणाले, की भांडण्याआधी टाकी खालून उघडू, आतलं सगळं पेट्रोल काढून मोजू, आणि ते काट्याशी ताडून पाहू. काटा किती खोटा बोलतो हे तर आधी कळू दे, मग वाकवायची ती वाकवू.

इतके रविवार गेले, हे आम्हाला आधी का सुचलं नव्हतं? कारण आम्हा दोघांनाही काट्यावर आळ घ्यायचाच होता. आळ एकदा घेतला की कोणी पेट्रोल मोजत बसत नाही.

इथं बाबा उठले. म्हणाले, आज राहू द्या. मग म्हणाले, जेवून घ्या आधी, भरीत केलं आहे. मग म्हणाले, टाकीचा नट जुना आहे, तुटला म्हणजे? बाबांना नटाची एवढी काळजी मी कधी पाहिली नव्हती. मिस्त्री तोवर गाडीखाली सरकले होते.

पेट्रोल डब्यात उतरलं. मिस्त्रींनी ते मापानं मोजलं, परत मोजलं, आणि हातातलं माप तसंच धरून जमिनीवर बसले. काटा जेवढं म्हणत होता तेवढंच पेट्रोल होतं.

‘ताई,’ मिस्त्री म्हणाले, ‘काटा तो एकदम सच बोलून राहिला. आपुनच झूटे पडून राहिलो.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. काटा खरा. म्हणजे पेट्रोल खरंच वाढत होतं. म्हणजे कोणीतरी ते टाकत होतं. मी हे मोठ्यानं म्हणत असतानाच शेडाच्या मागून मावशी आल्या. सरपण काढायला गेल्या होत्या. त्यांच्या हातात आईची किटली होती आणि ती त्यांनी उंदीर धरावा तशी अंगापासून लांब धरली होती. पेट्रोलचा वास आमच्यापर्यंत आला.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी किटलीकडे पाहिलं.

‘पेट्रोल तुम्ही टाकत होतात?’ मी विचारलं.

‘थोडंसं.’

कळलं ते असं. सोमवारी सकाळी बाबा किटली घेऊन रिक्षानं चौकातल्या पंपावर जायचे. तिथल्या मालकाच्या म्हशी बाबांच्याच हातून बऱ्या झालेल्या, तेव्हा किटलीत कशाला म्हणून कोणी विचारलं नाही. मावशी यायच्या आत किटली टाकीत रिकामी आणि सरपणामागं जागेवर. कधी एक खेप, कधी दोन. कुंपणानं शेत खाल्ल्याचं मी ऐकलं होतं. कुंपणच मागच्या दारानं शेतात पेरून जातं हे पहिल्यांदाच पाहत होते.

मला इतका राग आला की मी वऱ्हाडीत आले. म्हटलं, ‘अट तुमीच घातली अन् तुमीच मोडून राहिले. मी दर आठवड्यानं वेड्यासारखी डिक्कीत डोकं घालून राहिली. काहून केलं बाबा असं?’

बाबा खुर्चीत बसले. थोडा वेळ त्यांनी शेंगांच्या टोपलीतली सालं एका बाजूला केली. मग खाली पाहूनच बोलले.

‘तुयी आई होती तवा तू या घरातून कधी रिकामी गेली नाई. मले काई ओटी भरता येत नाई, बाप्या माणसाचं काम नाई ते. तू रविवारची येते, टाकी खाली करते अन् तशीच निघून जाते. मांगून मी शेडात येऊन पाह्यतो तर काटा खाली. लेकीची गाडी हाय ते. तिले रिकामी कशी ठेवू मी?’

मिस्त्री एकदम गाडीखाली सरकले आणि टाकीचा नट, जो अजून लावायचा नव्हता, तो लावू लागले. मावशींनी किटली खाली ठेवून पदर तोंडाला लावला. मी काय केलं ते सांगते. मी रडले. रागाच्या नावाखाली नाही, सरळ रडले, हाताला ग्रीस होतं ते गालाला लागलं तरी रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की फाटकाची कडी वरखाली करण्यापलीकडे या माणसाला काही सुचत नाही.

रडून झाल्यावर डोकं चालू लागलं. माझं नेहमी असंच होतं.

‘बाबा, लेकीची गाडी म्हणाले तुमी,’ मी म्हटलं. ‘हॉटेलवाल्याची नाई म्हणाले.’

‘काटा खरा झाला तर, असं म्हटलं होतं मी,’ बाबा म्हणाले. ‘उतरतानाची परीक्षा राह्यलीच हाय.’

‘परीक्षा झाली. तुमी चोरून जेवढं टाकलं तेवढं त्यानं मले दर रविवारी सांगतलं. मीच ऐकलं नाई. याच्यापेक्षा खरा काटा कुठून आणू?’

गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला, ‘डॉक्टरसाब, काट्यानं तुमचीच चुगली केली.’

बाबांना हसू आवरेना. ते हसू लागले की त्यांचे खांदे आधी हलतात, आवाज मागून येतो. ते म्हणाले, ठीक आहे, आईले सांगू की काटा सुधरला. एवढंच. आमच्याकडे गाडीचा निकाल असा लागला.

हॉटेलवाला नाराज होऊ नये म्हणून बाबांनी त्याला दर्यापूरकडच्या एका ओळखीच्या घरातून जुनी दमणी मिळवून दिली. दोन माणसांपुरती ती हलकी बैलगाडी आता त्याच्या दारासमोर उभी आहे आणि लोक तिच्यात बसून फोटो काढतात. मी जाता-येता पाहते. गाडीपेक्षा ती तिथं जास्त शोभते. मावशींना मी नवी किटली आणून दिली, स्टीलची. दूधवाल्याची त्यांनी माफी मागितली नाही, पण त्याला तिळाचे लाडू जास्त दिले.

संक्रांतीच्या दिवशी मी गाडी न्यायला गेले. मिस्त्री सकाळीच येऊन तेलपाणी पाहून गेले होते. त्यांच्या घरून खिरीचा डबा आला होता. मी तो धुऊन, तिळगूळ भरून परत पाठवला. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता आणि हातात आईची ती जुनी किटली होती, पेट्रोलनं भरलेली. या वेळी लपवाछपवी नव्हती. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, नरसाळं बसवलं आणि सावकाश ओतू लागले. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. अंगणात बाई माणूस मावशी एवढ्याच होत्या. त्यांनी हळदीकुंकू आणून माझ्या कपाळाला लावलं आणि मग थोडा विचार करून टाकीच्या झाकणालाही लावलं. मी काही बोलले नाही. माझी मतं बसमध्ये सांगायची असतात, आणि आता बस नव्हती.

किटली संपत आली तेव्हा मी बाबांचा हात धरला.

‘थोडं ठेवा त्याच्यात,’ मी म्हटलं.

बाबांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आईच्या ताटात परत पडणारे चार दाणे त्यांनी दारात उभं राहून किती वर्षं पाहिले होते. त्यांनी किटली सरळ केली, साखळीचं झाकण लावलं आणि ती शेडात, गाडी उभी असायची त्या जागेवर नेऊन ठेवली. परत आले तेव्हा फाटकाची कडी काढली आणि म्हणाले, ‘पोचली की फोन कर.’

मूर्तिजापूरपर्यंत मी काट्याकडे पाहिलं नाही, कारण नीट दिसलंच नसतं. पुढं पाहिलं तेव्हा तो भरल्याच्या खुणेवरून जेवढा यावा तेवढाच खाली आला होता.

त्या किटलीतलं घोटभर पेट्रोल एव्हाना उडून गेलं असणार, हे विज्ञानाच्या बाईला कळतं. पण मी अकोल्याला गेले की शेडात जाते आणि झाकण न उघडता परत येते.